तुटलेला स्टड आणि ईझी-आउटची घाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी वीस वर्षांपुढची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला (हेडला) जोडलेल्या धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं, गॅस्केट (मधलं सील) गेलंय, थंड इंजिन चालू केलं की टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. मॅनिफोल्ड काढायला गेलात तर एका टोकाला नटच जागेवर नव्हता, फ्लँजच्या (मॅनिफोल्डच्या सपाट कडेच्या) भोकातून आत स्टडचं, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आटेदार दांड्याचं, काळं पडलेलं तुटकं टोक दिसत होतं. शेजारचा नट सोडवताना स्टड हातातच तुटला. उरलेले चार नट अजून हललेले नाहीत. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचा, स्टड एम८. कुणीतरी ईझी-आउटचा (तुटक्या बोल्टात घालून तो बाहेर काढायच्या उलट्या आट्यांच्या दांड्यांचा) सेट घ्यायला सुचवलंय, तो घ्यावा का? आणि यानंतर त्याच गाडीच्या लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे) गंजलेले बोल्ट काढायचेत, तिथे पुन्हा हे होऊ नये म्हणून काय करावं?

सेट घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. जो स्टड आपल्या अख्ख्या आठ मिलिमीटर जाडीनिशी पीळ सहन करू शकला नाही, त्याच्या मधोमध भोक पाडायचं, त्यात चार-पाच मिलिमीटर जाडीचा कडक आणि ठिसूळ दांडा ठोकायचा, आणि त्यानं तोच स्टड सोडवावा अशी अपेक्षा धरायची, हा हिशेबच जुळत नाही. त्यात निमुळत्या आकाराचा ईझी-आउट आत शिरताना स्टडला आतून फुगवतो, म्हणजे आधीच आवळलेले आटे आणखी आवळतो. आणि तो आत तुटला तर साधं हायस्पीड स्टीलचं ड्रिल त्यावर चालत नाही, नुसतं घसरतं. मग कार्बाइडचं टूल घेऊन कोरत बसा, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) करणाऱ्याकडे न्या. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या सगळ्यात वाईट तुटक्या बोल्टांत आधी कुणीतरी ईझी-आउट तोडून ठेवलेला असतो. हे हत्यार चालतं कुठे, तर जिथे तुकडा मुळात सैल आहे तिथे. ते पुढे येईलच.

पण त्याआधी ते दोन तुटके स्टड विसरून जा. जे तुटलंय ते याहून जास्त तुटणार नाही. आजचं काम आहे ते उरलेले चार नट.

नटाबाहेर स्टडचे जे आटे दिसतात ते तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासा. बहुतेक जण ही पायरी सोडतात. नट सुटतो, एक-दोन फेरे फिरतो, मग बाहेरच्या गंजलेल्या आट्यांवर चढताना स्वतःच्याच चुऱ्यात जाम होतो आणि स्टड मोडतो. लोखंडापासून बनलेला गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो दाबून भरलेला असतो. त्या चुऱ्याला निघायला वाट नसेल तर नट सुटूनही अडकतो.

मग पेनिट्रेटिंग ऑइल. इथे एक गैरसमज फार पक्का बसलाय. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा सगळ्यांकडे असतो, पण ते मुळात १९५३ साली पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे. गंजलेल्या आट्यांत मुरायला खास त्यासाठी बनवलेलं तेल घ्या. काही जण ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. उपयोग होतो, पण अ‍ॅसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खातं, क्षणात पेट घेतं, आणि हे मिश्रण ठेवलं की वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. कुठलंही तेल घ्या, खरा फरक वेळेनं पडतो. संध्याकाळी लावा, नटाच्या कडेवर हातोडीनं हलके टोले द्या, सकाळी पुन्हा लावा. टोल्यांनी गंजाला सूक्ष्म तडे जातात आणि तेलाला आत जायला वाट मिळते. तेल ओतून पाच मिनिटांत पाना लावणार असाल तर ते फक्त जमिनीवर सांडलं असं समजा.

पाना सहा कोनी गोटीचा (सॉकेटचा). बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांवरच टेकते, आणि गंजानं कोपरे आधीच झिजलेले असतात. गोटी हातोडीनं ठोकून बसवावी लागली तर उत्तम, याचा अर्थ माप बरोबर आहे. ॲलन किंवा टॉर्क्स डोक्याचा बोल्ट असेल तर आधी खिळ्यानं खाचेतला कचरा कोरून काढा. निम्म्या खोलीवर बसलेली ॲलन की डोकं गोल करणारच.

आणि पाइप लावू नका. एम८ च्या ८.८ ग्रेडच्या (हा ताकदीचा आकडा) बोल्टला आवळायचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, साधारण २५ न्यूटन-मीटर. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पाच किलोचा जोर दिला की तेवढा भरतो. माणूस वैतागून वीस किलोचा जोर सहज लावतो, म्हणजे शंभर न्यूटन-मीटर. त्याला एम८ टिकणं शक्यच नाही. आखूड हँडल घ्या, म्हणजे हाताला काहीतरी कळेल.

आता हाताला काय कळायला हवं ते सांगतो, कारण सगळं काम इथेच आहे. नट आधी सोडायच्या नाही, आवळायच्या दिशेनं किंचित दाबा. मग सोडायच्या दिशेनं जोर हळूहळू वाढवा. सुटणारा नट ‘टक’ असा कोरडा आवाज करून हलतो आणि त्याच क्षणी हाताला हलका लागतो. तुटणारा स्टड आवाज करत नाही. तो चिवट लागतो. पाना फिरतो, दहा अंश, पंधरा अंश, पण विरोध कमीही होत नाही आणि वाढतही नाही, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसं वाटतं. हे फिरणं नटाचं नव्हे, स्टडच पिळवटतोय. खात्री करायची तर स्टडच्या टोकावर आणि नटावर मिळून खडूची एक रेघ ओढून ठेवा. नट सुटत असेल तर रेघ तुटते. नट आणि स्टडचं टोक दोन्ही एकत्र फिरत असतील तर एक तर स्टड हेडमधून निघतोय, आणि तसं झालं तर चांगलंच, नाहीतर मध्ये पिळवटतोय. पहिल्यात विरोध हळूहळू उतरतो, दुसऱ्यात उतरत नाही. चिवट लागलं की तिथेच थांबा, पाना उलटा फिरवून ताण काढा, तेल द्या, आणि जोर वाढवण्याऐवजी उष्णतेकडे वळा.

नट हलू लागला तरी एका दमात काढायचा नाही. पाव फेरा बाहेर, थोडा मागे, तेल, पुन्हा पाव फेरा. कंटाळवाणं काम आहे. इम्पॅक्ट गन असेल तर ती सगळ्यात कमी सेटिंगवर वापरा, तिचे छोटे-छोटे झटके लांब दांड्याच्या सलग पिळापेक्षा स्टडला बरे.

उष्णतेबद्दल लोक ‘गरम करा’ एवढंच सांगतात. काय गरम करायचं आणि कधी फिरवायचं, हे मात्र कुणी बोलत नाही.

एक प्रकार म्हणजे बाहेरचा भाग तापवायचा आणि गरम असतानाच फिरवायचा. तुमच्या नटांना हेच लागू आहे. नट लाल होईपर्यंत तापवा, त्याचं भोक मोठं होतं, स्टड अजून तितका तापलेला नसतो, लगेच जुन्या गोटीनं फिरवा. नट वाया गेला तरी चालेल, स्टड वाचवायचा आहे. इंडक्शन हीटर मिळाला तर ज्योतीपेक्षा कितीतरी सोपं, कारण उष्णता फक्त नटातच तयार होते आणि आजूबाजूच्या वायरी, नळ्या वाचतात.

अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेल्या स्टडलाही हाच नियम: स्टडभोवतीचं हेड तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. आठ मिलिमीटरचं भोक आणि त्यातला स्टड दोन्ही सारखेच २०० अंशांनी तापले तरी भोक स्टडपेक्षा सुमारे ०.०२ मिलिमीटर जास्त मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गंजाची पकड तेवढ्यानं सुटते. मात्र अ‍ॅल्युमिनियम तापताना लाल होत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, कास्टिंगचे मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोपर्यंत डोळ्यांना काहीही कळत नाही. म्हणून ज्योत सतत फिरती ठेवा आणि तापमापक गन जवळ असेल तर दोनशेच्या आसपास थांबा. तापलेल्या आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवा, मेण वितळून केशाकर्षणानं आत शिरतं आणि उष्णतेत तेलासारखं पटकन जळून जात नाही.

दुसरा प्रकार अगदी उलटा: आतला स्टडच तापवायचा आणि थंड झाल्यावर फिरवायचा. लाल झालेला स्टड फुगू पाहतो, पण भोवतालचं थंड भोक त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. थंड झाल्यावर तो मूळ मापापेक्षा किंचित बारीक होतो आणि त्याच्याभोवतीचा गंज फुटतो. अशा स्टडला गरम असताना पाना लावलात तर तो फुगलेल्या अवस्थेत आणि मऊ असताना पीळ खातो, म्हणजे तुटण्याची सगळी तयारी. लाली पूर्ण जाऊ द्या, आणखी दोन मिनिटं थांबा, मग फिरवा.

उष्णता वापरण्यापूर्वी दोन गोष्टी. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंग नेऊ नका. त्याचे क्लोरीनयुक्त प्रकार तापले की फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, आणि तो फुप्फुसांसाठी घातक असतो. साधे प्रकार नुसता भडका घेतात, एवढाच फरक. आणि शॉकअब्सॉर्बरला किंवा कुठल्याही बंद सिलिंडरला आच लावायची नाही.

चार नट निघाले, मॅनिफोल्ड उतरला, की मग तुटक्या दोघांकडे. इथे हत्यार उचलण्यापूर्वी तुटलेला चेहरा पाहा. टॉर्च आणि भिंग घ्या. तुमच्या वर्णनावरूनच दिसतंय की या दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

शेजारचा, जो हातात तुटला, त्याचा चेहरा ताजा, चकचकीत, गोल फिरल्यासारख्या रेषांचा असेल. तो पिळानं गेला, म्हणजे त्याचे आटे अजूनही घट्ट धरून आहेत. टोकाचा, जो आधीच काळा पडला होता, तो बहुधा गंजानं तुटलेलाच नाही. बिडाचा मॅनिफोल्ड शेकडो अंशांपर्यंत तापतो. ४० सेंटिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला तर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. हेड मात्र पाण्यानं थंड राहत असल्यामुळे त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतं. उरलेला सुमारे एक मिलिमीटरचा फरक टोकांच्या स्टडना वाकवतो, दर वेळी गाडी चालू-बंद केल्यावर. वर्षानुवर्षं वाकून-वाकून तो एक दिवस थकून तुटतो. अशा तुकड्याच्या चेहऱ्यावर एका बाजूला गुळगुळीत, शिंपल्यासारख्या वळ्या दिसतात आणि उरलेला भाग खडबडीत. आणि ज्याला कुणी पाना लावलेलाच नाही, असा थकून तुटलेला तुकडा अनेकदा आत सैलच असतो.

म्हणून टोकाच्या स्टडवर आधी साधा उपाय करून पाहा. तेल, रात्रभर थांबा, मग टोकदार पंच तुकड्याच्या कडेजवळ टेकवून सोडायच्या दिशेनं तिरके हलके टोले. हलला तर पंचनंच फिरवत बाहेर आणता येतो. नाही हलला तर डाव्या फिरकीचं ड्रिल. हे उलट्या दिशेनं कापतं, म्हणजे भोक पाडतानाच तुकड्याला सोडायच्या दिशेनं ओढतं. सैल तुकडा ड्रिल मध्येच पकडून सरळ बाहेर येतो. ईझी-आउटचीही खरी जागा हीच. पण डाव्या फिरकीच्या ड्रिलनं काम होत असेल तर त्याची गरज उरत नाही, आणि होत नसेल तर ईझी-आउट घालायची हिंमत करू नये.

हातात तुटलेल्या दुसऱ्या स्टडला फ्लँजच्या जाडीएवढा, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर तुकडा बाहेर मिळेल. लोक तिथे व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) लावतात. हेड तापवलेलं असेल तर एकदा प्रयत्न करा, पण पकड घसरून तुकडा चावला जाऊ लागला की थांबा, तो सेंटिमीटर मोलाचा आहे. त्यावर नट वेल्ड करायचा.

एम८ च्या तुकड्यावर एम१० चा नट घ्या, म्हणजे आत वेल्ड भरायला जागा मिळते. नटाचा जस्ताचा मुलामा घासून किंवा ॲसिडनं काढा, त्याचा धूर वाईट. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, आणि वेल्डरच्या अर्थिंगचा क्लॅम्प शक्य तितक्या जवळ, इंजिनलाच लावा, म्हणजे करंट बेअरिंगांमधून जाणार नाही. मिग वेल्डरची तार नटाच्या भोकातून सरळ स्टडच्या मध्यावर टेकवा आणि तिथून सुरुवात करून नट भरत वर या. नटाच्या कडेला सुरुवात केलीत तर नट सुंदर भरतो आणि स्टडला काहीच चिकटत नाही. पोलादाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून हेड चिकटण्याची भीती कमी. बिडाचं हेड असतं तर मी इतक्या बेफिकीरपणे सांगितलं नसतं.

वेल्ड झालं की लगेच फिरवायचा मोह आवरा. वर सांगितलेला दुसरा प्रकार इथे आपोआप घडलाय: स्टड लाल झाला, दबला, आता तो आकसतोय. लाली जाऊ द्या, मेण टेकवा, मग छोट्या पान्यानं दोन्ही दिशांना डोलवा. आवळा, सोडा, आवळा, सोडा. डोलण्याचं अंतर वाढत गेलं की समजा जिंकलात. वेल्ड सुटून नट हातात आला तरी निराश होऊ नका, पुन्हा भरा. दर वेळी स्टडला आणखी एक ताप मिळतो, आणि सुटणारा स्टड पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या तापालाच सुटतो. तुकडा हेडशी सपाट असेल, म्हणजे तुमचा टोकाचा स्टड सैल निघाला नाही तर, आधी त्यावर वॉशर वेल्ड करा, मग वॉशरवर नट. पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर आत तुटलेल्यालाही हळूहळू वेल्डचा थेंब-थेंब चढवून बाहेर आणता येतं, पण त्याला हात बसलेला हवा. तसा माणूस बाहेरून बोलवा, लाजायचं काही नाही.

वेल्डर नसेल किंवा जागाच नसेल तरच ड्रिल करून स्टड नाहीसा करायचा. यात सगळं काही मध्यबिंदूवर आहे. अ‍ॅल्युमिनियम मऊ आणि स्टड कडक, त्यामुळे ड्रिल थोडंही कडेला गेलं की ते मऊ बाजूला पळतं आणि हेडला अंडाकृती भोक पडतं. तुटलेला चेहरा आधी सपाट करा, सेंटर पंच मारा, भिंगातून पाहा, चुकला असेल तर पंच तिरका धरून खूण मध्याकडे सरकवा. तरीही हातानं सरळ भोक पाडण्यावर विश्वास ठेवू नका. मॅनिफोल्डचीच फ्लँज गाइड म्हणून वापरता येते: मॅनिफोल्ड चांगल्या स्टडांवर पुन्हा बसवा आणि तुटक्या जागेच्या भोकात लेथवर बनवलेला बुश (नळीसारखा तुकडा) घाला, बाहेरून भोकाच्या मापाचा, आतून ३ मिलिमीटरचा. टोकाची भोकं कधीकधी लांबट किंवा मोठी असतात, तेव्हा तिथे मध्य नीट तपासा. स्टड खोल तुटला असेल आणि वर रिकामे आटे शिल्लक असतील तर त्याहून छान युक्ती आहे. एम८ चा एक आखूड बोल्ट लेथवर मधोमध आरपार भोक पाडून घ्या आणि त्या रिकाम्या आट्यांत बसवा. त्याच्या भोकातून जाणारं ड्रिल चुकूच शकत नाही.

३ मिलिमीटर, मग ५, मग ६.५, भरपूर कटिंग ऑइल आणि वरून ठाम दाब, कारण नुसतं घासत फिरणारं ड्रिल धातू कापत नाही, तापवतं. एम८ ला टॅपपूर्वीचं (टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार) भोक ६.८ चं असतं. मध्य बरोबर साधला असेल तर ६.५ नंतर भोकाच्या भिंतीला स्टडच्या आट्यांची बारीक स्प्रिंगसारखी पोलादी तार उरलेली दिसते. टोकदार सळईनं तिचं एक टोक उचला आणि पक्कडीनं ओढा, ती उलगडत बाहेर येते आणि मागे हेडचे मूळ आटे शाबूत राहतात. मग टॅप एकदा हलक्या हातानं फिरवून घ्या. टॅप जोरानं नको, तोही ईझी-आउटइतकाच कडक आणि तितकाच तुटणारा.

मध्य चुकला आणि आटे गेले तर जग बुडत नाही. हेलिकॉइलच्या, म्हणजे स्टेनलेस तारेच्या इन्सर्टच्या आट्यांची अ‍ॅल्युमिनियममधली पकड मूळ आट्यांपेक्षा अनेकदा सरस असते. भोक काटकोनात मोठं करा, त्याचाच टॅप मारा, कॉइल पृष्ठभागाच्या किंचित आत राहील अशी बसवा, शेपटी तोडून बाहेर काढा.

आता लोअर आर्म. तिथे गंजाची जागा वेगळी आहे. नट बहुतेक वेळा सुटतो, अडतो तो बोल्ट. रबर बुशच्या मध्ये पोलादी नळी असते, बोल्ट तिच्यातून आरपार जातो, आणि पाणी नळीत साचून दोघं एकजीव होतात. डोकं फिरवलं की बोल्टसोबत नळीही फिरते, रबर पिळलं जातं आणि सोडलं की बोल्ट परत मागे येतो. हे स्प्रिंगसारखं मागे येणं दिसलं की आट्यांवर तेल ओतण्यात अर्थ नाही. नळीच्या टोकाला तेल द्या, नट आट्यांच्या टोकावर ठेवून त्यावर जड हातोडीनं सरळ ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. हवेच्या हॅमरचा सपाट बिट असेल तर आणखी बरं.

तेवढ्यानं सरकला नाही तर वेळ घालवू नका, कापा. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या फटीतून रेसिप्रोकेटिंग सॉचं (मागेपुढे चालणाऱ्या करवतीचं) पातं दोन्ही बाजूंना घाला, बोल्टचे तीन तुकडे होतील आणि आर्म खाली येईल. आग लावून बुश जाळण्यापेक्षा हे स्वच्छ, शिवाय जवळच ब्रेकचा होज आणि बॉलजॉइंटचं बूट असतं. मात्र नवे बोल्ट, नट आणि बुश हातात आल्याशिवाय पातं उचलायचं नाही. डोक्यावर १०.९ लिहिलेलं असेल तर नवा बोल्टही १०.९ चाच, आणि ज्यानं उष्णता खाल्लीय असा जुना बोल्ट सस्पेन्शनला परत लावायचा नाही, तापून त्याचं कडकपण उतरलेलं असतं. बोल्टला कॅम वॉशर (चाकाचा कोन ठरवणारा वॉशर) असेल तर काढण्यापूर्वी त्याच्या जागेची छिन्नीनं खूण करा, नंतर अलाइनमेंट करावंच लागेल, पण तिथपर्यंत गाडी सरळ चालेल. आणि शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

तिथेच आहात तर ब्रेकच्या ब्लीडर निपलला (ब्रेकमधली हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) गंमत म्हणून पाना लावू नका. ते आतून पोकळ, एका झटक्यात जातं. सोडवायचंच असेल तर भोकात घट्ट बसणाऱ्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा आत घाला, म्हणजे भिंती आत चेपत नाहीत, वरून दोन टोले द्या आणि सहा कोनी गोटी लावा.

परत जोडताना मॅनिफोल्डचा फ्लँज सरळपट्टी लावून तपासा. वाकलेला असेल तर मशीनिंग करून घ्या, नाहीतर नवे स्टड त्याच टोकाला पुन्हा तुटतील. टोकाची भोकं गंज काढून मोकळी करा, मॅनिफोल्डला सरकायला जागा हवी. सगळे स्टड नवे, नट तांब्याचा मुलामा असलेले किंवा पितळी, ते पोलादाला गंजून चिकटत नाहीत. आंधळ्या (तळाशी बंद) भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं ठेवू नका, स्टड आत जाताना त्याला निघायला जागा नसते आणि त्या दाबानं कास्टिंग फुटू शकतं. अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावाल तर पातळ थर पुरे, आणि पुस्तकातला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो हे ध्यानात ठेवा. ग्रीसनं घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मी साधारण पाव भाग कमी करतो. चाकांच्या नटांना मात्र, गाडी बनवणाऱ्यानं सांगितलं नसेल तर, काहीच लावत नाही. मधून टोकांकडे दोन-तीन टप्प्यांत आवळा, इंजिन पूर्ण गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि टॉर्क पान्यानं पुन्हा एकदा पाहून घ्या. नवं गॅस्केट पहिल्या तापाला बसतं, तेव्हा एक-दोन नट थोडे सैल मिळतीलच.